पदवीच्या वर्गात आलेलं जग

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲबरिस्टविथ नावाचं लहानसं गाव आहे. १८६०च्या दशकात तिथे रेल्वे पोचत होती. हवापालटासाठी माणसं गाडी भरभरून येतील या भरवशावर टॉमस सॅव्हिन या रेल्वे कंत्राटदाराने समुद्राला खेटून एक टोलेजंग हॉटेल बांधायला काढलं. मनोरे, कमानी, दगडी नक्षीकाम यांत जवळपास ऐंशी हजार पौंड ओतले आणि काम पुरं व्हायच्या आत त्याचं दिवाळं वाजलं. ती अर्धवट इमारत वेल्समधल्या काही शिक्षणवेड्या मंडळींनी दहा हजार पौंडांना विकत घेतली आणि १८७२ मध्ये, पंचवीस-एक विद्यार्थी घेऊन तिथे कॉलेज सुरू केलं.

सुरुवातीची काही वर्षं कॉलेजला सरकारी अनुदान नव्हतं. पैसा आला तो लोकांकडून. गावोगावच्या चॅपलमध्ये एक रविवार ठरवून कॉलेजसाठी झोळी फिरवली जाई आणि खाणकामगार, दगडफोडे, छोटे शेतकरी तिच्यात पेनी-पेनी टाकत. ज्यांच्या घरात कुणी पदवीधर नव्हता, त्यांनी आपल्या मुलांसाठी उभं केलेलं हे कॉलेज होतं. आज जगभर ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ या नावाने शिकवल्या जाणाऱ्या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ मध्ये याच कॉलेजात निघालं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्या वेळी शेकडो वर्षांची झाली होती, पण हा मान गेला तो किनाऱ्यावरच्या या गावाला. पुढे या विषयाभोवती मुत्सद्देगिरीचं आणि दिल्ली-लंडन-वॉशिंग्टनच्या दालनांचं जे वलय तयार झालं, त्यामुळे त्याचं हे मूळ बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

अध्यासनाला कारण झालं पहिलं महायुद्ध. कॉलेजातली बरीच पोरं रणांगणावरून परत आली नाहीत. डेव्हिड डेव्हिस हे वेल्समधले खासदार; त्यांचे आजोबा करवतकामापासून सुरुवात करून कोळसा खाणी आणि बॅरीची गोदी यांचे मालक झालेले. नातू स्वतः वेल्श पलटणीचा अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये लढून आला होता. त्यांच्या बहिणी ग्वेन्डोलिन आणि मार्गारेट यांनी युद्धाच्या काळात फ्रान्समध्येच सैनिकांसाठी कँटीन चालवलं होतं. मोने, रेन्वार यांची चित्रं जमवणाऱ्या याच त्या बहिणी. तो संग्रह आता कार्डिफच्या संग्रहालयात आहे. या तिघा भावंडांनी युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ कॉलेजला वीस हजार पौंड दिले. पुतळा किंवा स्मृतिस्तंभ त्यांना नको होता. राष्ट्रं एकमेकांशी का भांडतात, तह का मोडतात, युद्ध टाळता येतं का, हे मुलांना शिकवलं जावं, एवढी त्यांची इच्छा होती. पुढे अध्यासनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव दिलं गेलं.

पण शिकवायचं काय? पाठ्यपुस्तक नव्हतं, ठरलेला अभ्यासक्रम नव्हता. पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न हे मुळात प्राचीन ग्रीसचे अभ्यासक. १९११ मध्ये त्यांचं ग्रीक नगरराज्यांवरचं पुस्तक गाजलं होतं. ते दोनच वर्षं राहिले. १९२२ मध्ये चार्ल्स वेब्स्टर आले, ते इतिहासकार. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची घडी बसवणारी व्हिएन्ना परिषद हा त्यांचा विषय, आणि १९१९ च्या पॅरिस परिषदेला ते स्वतः हजर होते. म्हणजे एक तह कागदपत्रांतून अभ्यासलेला आणि दुसरा डोळ्यांसमोर घडताना पाहिलेला असा माणूस मुलांसमोर उभा होता. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र आणि भूगोल या चौघांच्या सीमेवर हा विषय उभा राहिला. तो स्वतंत्र शास्त्र आहे की नाही, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

याच अध्यासनावर १९३६ मध्ये ई. एच. कार आले आणि देणगीदार व प्राध्यापक यांच्यात ठिणगी पडली. कार वीस वर्षं ब्रिटिश परराष्ट्र खात्यात काढून आलेले. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कायदा युद्ध थांबवतील हा डेव्हिस यांचा विश्वास. त्यासाठी आंतरराष्ट्रीय पोलीस दल उभारावं, असं जाडजूड पुस्तक त्यांनी १९३० मध्ये लिहिलं होतं. कार यांना ही सगळी स्वप्नरंजकता वाटत होती. सत्तेचा विचार न करता शांततेची भाषा बोलणं म्हणजे ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांची सोय बघणं, असं त्यांचं म्हणणं. १९३९ च्या सप्टेंबरात, युद्धाला तोंड फुटलं त्याच महिन्यात, ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हे त्यांचं पुस्तक बाहेर आलं. आजही जगातल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात या विषयाचा विद्यार्थी कधी ना कधी त्याच्याशी झटापट करतो. ज्या विचाराच्या प्रसारासाठी अध्यासन काढलं, त्याच विचारावर त्या अध्यासनावरच्या प्राध्यापकाने घाव घातला. कार यांनी जावं म्हणून डेव्हिस यांनी खटपट केली. कॉलेजने मात्र त्यांना काढलं नाही. १९४७ पर्यंत ते तिथेच राहिले. त्या छोट्या कॉलेजची ही मोठी कमाई म्हटली पाहिजे. देणगीदाराचं मत आणि वर्गातलं मत वेगळं असू शकतं, हे तिथल्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलं.

तरीही डेव्हिस यांना भाबडे ठरवून मोकळं होणं बरोबर नाही. त्यांच्याच पुढाकाराने कार्डिफमध्ये शांतिमंदिर उभं राहिलं. २३ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे म्युनिकचा करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्याचं उद्घाटन झालं. उद्घाटनाला राजघराण्यातलं किंवा मंत्रिमंडळातलं कुणी बोलावलं नव्हतं. दार उघडलं डाउलाइसच्या मिनी जेम्स या बाईंनी. त्यांचे तीन मुलगे महायुद्धात गेले होते.

ॲबरिस्टविथ एकटं नव्हतं. त्याच १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात एडमंड वॉल्श या जेझुइट पाद्र्याने ‘स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस’ सुरू केलं. अमेरिकेची परराष्ट्र सेवा आजच्या रूपात १९२४ च्या कायद्याने आली, म्हणजे शाळा आधी आणि नोकरी पाच वर्षांनी. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग भरत आणि मुत्सद्देगिरीच्या जोडीला जहाजवाहतूक व परदेशी व्यापारही शिकवला जाई. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२४ ला अध्यासन आलं; पहिले प्राध्यापक फिलिप नोएल-बेकर, ऑलिंपिकमधले रौप्यपदक विजेते धावपटू आणि पुढे १९५९ चे शांततेचे नोबेल मानकरी. जॉर्जटाउनमध्ये पदवीच्या मुलांना हा विषय अगदी पहिल्यापासून मिळाला. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तह, जकात, वसाहत, कर्ज, सीमा यांचा अर्थ कळला पाहिजे आणि त्यासाठी त्याने राजदूत व्हायची गरज नाही, ही या सगळ्यामागची कल्पना होती.

आता याच १९१९ मध्ये भारतीय माणूस कुठे होता, ते पाहू. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या झाल्या होत्या आणि राष्ट्रसंघाचा भारत संस्थापक सदस्य झाला, पण देश पारतंत्र्यात होता. त्याच वर्षी ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित नियतकालिकात बिनयकुमार सरकार या बंगाली विद्वानाचा हिंदू आंतरराष्ट्रीय संबंध-सिद्धांतावरचा लेख छापून आला. कौटिल्य आणि कामंदक यांच्या आधारे सरकारांनी मंडल-सिद्धांत मांडला: विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणारा, राजा मध्यभागी, शेजारी स्वभावतःच शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी मित्र. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित प्रत म्हैसूरमध्ये आर. शामशास्त्रींच्या हाती लागून ग्रंथ छापला गेला, त्याला जेमतेम दहा वर्षं झाली होती. युरोपात विषयाचा पाया घातला जात होता तेव्हाच एक भारतीय माणूस आपल्याकडचा माल घेऊन दारात उभा होता. दार उघडायला पुढे पाऊण शतक लागलं.

या ‘अर्थशास्त्रा’ची सगळ्यात विश्वासार्ह चिकित्सक आवृत्ती तयार केली ती मुंबईच्या र. पं. कंगले यांनी. संहिता १९६० मध्ये, भाषांतर १९६३ मध्ये आणि अभ्यास १९६५ मध्ये, असे तीन भाग मुंबई विद्यापीठाने काढले. कौटिल्यावर लिहिणारा कुठलाही परदेशी अभ्यासक कंगल्यांना टाळू शकत नाही. पण कंगले संस्कृतचे प्राध्यापक, त्यामुळे ग्रंथ संस्कृतच्या कपाटात गेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चंही तसंच झालं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, स्वच्छ इशारा आहे. हे सावकार इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे. म्हणून व्यापाराला मोकळीक द्यावी, पण किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, तिथे ते किल्ले बांधतील. व्यापारी कंपनी आणि तिच्यामागची राज्यसत्ता यांचं नातं इतक्या नेमकेपणाने ओळखणारा मजकूर त्या काळात विरळाच. मराठी मुलगा तो वाचतो जुन्या मराठी गद्याचा नमुना म्हणून, नाहीतर शिवकालीन राज्यव्यवस्थेचं साधन म्हणून. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या वर्गात त्याचं नावही निघत नाही, आणि हे खरोखर दुःखदायक आहे.

संस्थात्मक पातळीवर भारतात या विषयाची सुरुवात उलट्या टोकाने झाली. १९३६ मध्ये लंडनच्या चॅटहॅम हाउसच्या धर्तीवर दिल्लीत एक संस्था निघाली होती. पण ती सरकारच्या फार जवळची आहे अशी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींची भावना होती. म्हणून १९४३ च्या नोव्हेंबरात ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ची स्थापना झाली. तेजबहादूर सप्रू अध्यक्ष आणि सगळा भार वाहणारे हृदयनाथ कुंझरू. कुंझरू अलाहाबादचे, पण त्यांची जन्माची बांधिलकी पुण्याशी. गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९३६ पासून थेट १९७८ मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष होते. सार्वजनिक काम करायचं तर आधी अभ्यास करायचा, आकडे आणि कागद हाताशी ठेवायचे, ही गोखल्यांची शिस्त त्यांनी परराष्ट्र व्यवहाराच्या अभ्यासात आणली.

स्वातंत्र्याआधी पाच महिने, मार्च १९४७ मध्ये या कौन्सिलने दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आशियाई संबंध परिषद भरवली. अध्यक्षस्थानी सरोजिनी नायडू, समारोपाला गांधीजी. सरकार अजून आपलं नव्हतं आणि एक बिगरसरकारी अभ्याससंस्था अख्ख्या आशियाला घरी बोलावत होती. या धडपडीचे सचिव होते अंगडिपुरम अप्पादोराय. मद्रासकडच्या कॉलेजात शिकवून आलेल्या या माणसाचं ‘सब्स्टन्स ऑफ पॉलिटिक्स’ हे राज्यशास्त्राचं पुस्तक बी.ए.च्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी झिजेपर्यंत वापरलं. पदवीच्या विद्यार्थ्याला काय झेपतं आणि तो कुठे अडतो, हे अप्पादोरायांइतकं त्या काळात क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

१९५५ मध्ये बाराखंबा रोडवरचं सप्रू हाउस तयार झालं आणि त्याच वर्षी तिथे ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झालं, संचालक अप्पादोराय. मात्र या शाळेत पदवीचा वर्ग नव्हता. काम पीएच.डी.चं. चीन, रशिया, पश्चिम आशिया, आग्नेय आशिया असा एकेक प्रदेश घ्यायचा, तिथली भाषा शिकायची, तिथे जाऊन राहायचं आणि प्रबंध लिहायचा. सप्रू हाउसचं ग्रंथालय हा तर या पिढीचा श्वास. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं विषयवार लावून ठेवलेली असत; इंटरनेटच्या आधीच्या जगात जकार्ता किंवा कैरोत गेल्या आठवड्यात काय झालं हे दिल्लीत बसून कळायचा तोच भरवशाचा मार्ग होता. १९६१ मध्ये शाळेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९७० मध्ये ती नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. तिथेही एम.ए., एम.फिल., पीएच.डी. सुरू झाल्या; या विषयातली बी.ए. नाहीच.

याला कारण होतं आणि ते समजून घ्यायला हवं. नव्या देशाला तातडीने तज्ज्ञ हवे होते. भारतीय परराष्ट्र सेवा १९४६ च्या ऑक्टोबरात जन्माला आली. वकिलाती उघडत होत्या. ज्या देशांशी आजवर लंडनमार्फत बोलणं व्हायचं त्यांच्याशी आता थेट बोलायचं होतं. तिबेट, कोरिया, सुएझ यांपैकी एकही प्रश्न थांबणारा नव्हता. वीस वर्षं धीर धरून तळापासून विद्यार्थी घडवायला सवड कुणाला होती? पण परिणाम व्हायचा तो झालाच. १९६२ मध्ये चीनचं सैन्य नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, उतरलं तेव्हा चीनविषयी बोलू शकणारी मूठभर माणसं दिल्लीत होती, आणि देशभरच्या कॉलेजांतल्या हजारो पदवीधरांना मॅकमहोन रेषा वर्तमानपत्रातून प्रथम कळली. लोकशाहीत परराष्ट्र धोरणावर मत सगळेच देतात. त्यातल्या फारच थोड्यांना ते मत घडवण्याची साधनं कधी हातात मिळाली.

अपवाद होता तो कोलकात्यात. जादवपूर विद्यापीठ १९५५ च्या अखेरीस झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. स्वदेशी चळवळीतल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या १९०६ च्या कामातून वाढलेलं हे विद्यापीठ. जगाचा अभ्यास हा राष्ट्र उभारणीचाच भाग, ही दृष्टी तिथे मुरलेली होती. बी.ए. ऑनर्सपासून हा विषय घेण्याची सोय तिथे आजही आहे. इतर सरकारी विद्यापीठांनी जादवपूरचा कित्ता गिरवला असता तर चित्र बदललं असतं.

बाकी देशात, आणि महाराष्ट्रातही, हा विषय आला राज्यशास्त्राच्या पोटात, एखाद-दुसऱ्या पेपरच्या रूपाने. मुंबई विद्यापीठात १९४८ मध्ये ‘सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स’ विभाग निघाला. बेचाळीसच्या लढ्यात गुप्त रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता पुढे त्याच्या प्रमुख होत्या. पण संलग्न कॉलेजांच्या पद्धतीत अभ्यासक्रम विद्यापीठाचं मंडळ ठरवतं आणि तो एकदा ठरला की वर्षानुवर्षं हलत नाही. वर्गातला पेपर साधारण असा चाले: दोन महायुद्धं, राष्ट्रसंघ, संयुक्त राष्ट्रं, शीतयुद्ध, अलिप्तता, शेवटी निःशस्त्रीकरण. मॉर्गेन्थाऊच्या राजकीय वास्तववादाची सहा तत्त्वं पाठ करायची. तालुक्याच्या कॉलेजात परदेशी नियतकालिकं येत नसत आणि शिकवणाऱ्याने कधी हा विषय विशेष म्हणून घेतलेला नसे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विरला, तरी काही ठिकाणी तो प्रश्नपत्रिकेत नांदत राहिला. यात त्या शिक्षकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. दिल्लीत साठलेलं ज्ञान त्यांच्यापर्यंत इंग्रजी पुस्तकाच्या किमतीत येत होतं आणि ती किंमत त्यांच्या ग्रंथालयाला परवडत नव्हती.

मराठीतून हा विषय शिकवणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत जे काम केलं, त्याची नोंद झाली पाहिजे. अरुणा पेंडसे आणि उत्तरा सहस्रबुद्धे यांचं शीतयुद्धानंतरच्या जगावरचं पाठ्यपुस्तक, शैलेंद्र देवळाणकरांचं ‘आंतरराष्ट्रीय संबंध’, यांमुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला वास्तववाद, परस्परावलंबन, सत्तासंतुलन या कल्पना आपल्या भाषेत धरता आल्या. नाशिक किंवा लातूरच्या मुलीला केनेथ वॉल्ट्झसारखा सिद्धांतकार काय म्हणतो हे मराठीत समजावून सांगणं ही साधी गोष्ट नाही. त्यासाठी आधी स्वतःला तो नीट समजावा लागतो.

मागणी वाढली ती मात्र वेगळ्या वाटेने. २०१३ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध सगळ्यांना सक्तीचे झाले. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणारा कृषी पदवीधर, अभियंता, डॉक्टर असे सगळेच क्वाड आणि ब्रिक्सच्या नोट्स काढू लागले. दुसरीकडे खासगी विद्यापीठांनी स्वतंत्र पदव्या सुरू केल्या: सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठात ग्लोबल अफेअर्स, पुण्याच्या फ्लेममध्ये इंटरनॅशनल स्टडीज. तिथे परकीय भाषा आहे, परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाण आहे आणि फी लाखांत आहे. अभ्यास चांगला असेल, पण चॅपलच्या झोळीत पेनी टाकणाऱ्या खाणकामगाराच्या मुलासाठी ही दारं बांधलेली नाहीत.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र झाली, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. बालभारतीच्या २०१७ मध्ये आलेल्या नववीच्या इतिहास व राज्यशास्त्राच्या पुस्तकातला राज्यशास्त्राचा भाग सबंध याच विषयावर आहे: महायुद्धोत्तर घडामोडी, भारताचं परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रं, भारत आणि इतर देश, आंतरराष्ट्रीय समस्या. जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या वर्गातलं पंधरा वर्षांचं मूलही निर्वासित कोण, मानवी हक्क कशाला म्हणतात, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार कुणाकडे आहे, हे मराठीत वाचतं. पुढे कला शाखेत राज्यशास्त्र घेणाऱ्यालाच हा धागा पुन्हा सापडतो, तोही एखाद-दुसऱ्या पेपरपुरता. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेला गेलेल्या मुलाची या विषयाशी पुढची गाठ पडते ती थेट स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये, पदवी हातात पडल्यावर.